गिनी फाऊलची पिल्लं घरी बनवलेल्या उबवणी पेटीत: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट 2025

ठिकाण: बारामती तालुका, शेतावरची खोली. पक्षी: करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेले साधे गिनी (कोंबडीसारखे पाळीव पक्षी), 4 नर आणि 16 माद्या. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी असे वाण काढले आहेत. इथले पक्षी गावात पिढ्यान् पिढ्या मिसळत आलेले, त्यांना वाणाचं नाव नाही.

या नोंदी मुख्यतः गावठी कोंबडीची अंडी पेटीत उबवता येणाऱ्यांसाठी आहेत. कोंबडीचा दिवसांचा आणि आर्द्रतेचा तक्ता तसाच गिनीला लावला की पिल्लं कवचातच मरतात. गिनीला 26 ते 28 दिवस लागतात आणि कवच कोंबडीच्या अंड्यापेक्षा जाड असतं, त्यामुळे अंड्यातलं पाणी हळू उडतं. आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा अंड्याचं वजन जास्त खरं बोलतं. म्हणून खाली वजनं भरपूर आहेत.

24 एप्रिल. पेटी

औषधांच्या पार्सलचा थर्मोकोलचा खोका, आतून साधारण 60 × 45 × 40 सेंमी, भिंत 4 सेंमी जाड. पातळ भिंतीचा मासळीचा खोका घेऊ नये, रात्री बल्ब विझतच नाही.

खर्च: खोका 350, 220 व्होल्टवर थेट चालणारा डिजिटल कंट्रोलर 420, चिनी मातीचे दोन होल्डर आणि 40 वॅटचे दोन बल्ब 180, कॉम्प्युटरचा 12 व्होल्ट पंखा व अडॅप्टर 320, आर्द्रतामापक 300, जाळी आणि प्लायचा ट्रे 250, वायर, प्लग, स्क्रू 150, सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा 380. एकूण 2,350 रुपये. काट्यावर पैसे वाचवू नयेत. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमने सरकतो आणि 40 ग्रॅमच्या अंड्यात एक ग्रॅम म्हणजे अडीच टक्के, तो इथे बिनकामाचा.

बल्ब दोन आणि समांतर जोडलेले, म्हणजे एक उडाला तरी दुसरा पेटी धरून ठेवतो. बल्बपुढे पत्र्याचा आडोसा. कंट्रोलरचा सेन्सर अंड्यांच्या वरच्या पातळीला, आडोशाच्या सावलीत. तो बल्बसमोर ठेवला तर बल्बचाच ताप मोजतो, लगेच बंद करतो आणि कोपऱ्यातली अंडी थंड राहतात. पंखा सतत चालू. झाकणाला दोन आणि तळाशी चार भोकं, प्रत्येकी 12 मिमी, प्रत्येकाला बूच.

26 एप्रिल. दोन्ही मापकं खोटी निघाली

कंट्रोलर 37.5 दाखवत होता. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर भोकातून आत सोडला, त्याने 38.3 दाखवलं. तापाचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो, शिवाय घरात असतोच. मात्र तो सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून दर वेळी बंद करून नव्याने लावायचा. कंट्रोलरमध्ये 0.8 ची दुरुस्ती भरली. बल्ब पेटतो 37.4 ला, विझतो 37.7 ला. कारखान्याच्या सेटिंगमध्ये हा फरक दोन अंशांचा असतो, तो तसाच ठेवू नये.

आर्द्रतामापकाची परीक्षा मिठाने: बाटलीच्या झाकणात खडे मीठ, त्यात ओलं होईल एवढंच पाणी, मीठ विरघळता कामा नये. मापक आणि झाकण हवाबंद पिशवीत रात्रभर. आत 75% असायला हवं. मापकाने 68 दाखवलं, म्हणजे 7 कमी. खालचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत.

28 एप्रिल. पत्र्याची शेड बाद

दुपारी शेडमध्ये 41 अंश. बल्ब विझलेले असूनही पेटीत 40 च्या वर गेलं. या पेटीला तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीचं तापमान पेटीपेक्षा किमान चार-पाच अंश कमी हवं. पेटी स्लॅबच्या खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीवर हलवली. खिडकीला ओलं गोणपाट. दुपारी खोली 33. थंडीने गर्भ मंदावतो, 40 च्या वर काही तास गेले की मरतो. उन्हाळ्यात पेटी लावताना आधी खोली शोधावी, मग खोका.

3 ते 10 मे. अंडी जमवणं

गिनी मोकळी असली की उसात, घाणेरीच्या झुडपात, कुठेही घालतात. आठवडाभर माद्या दुपारी दोनपर्यंत जाळीत कोंडल्या, कारण बहुतेक अंडी त्याआधी पडतात. 71 अंडी मिळाली. त्यातली तडा गेलेली, 36 ग्रॅमच्या आतली आणि मातीने माखलेली बाजूला काढली. अंडी धुवू नयेत, पाण्याबरोबर घाण छिद्रांतून आत जाते. थोडा डाग असेल तर कोरड्या पॉलिश पेपरने अलगद.

तडा डोळ्याला दिसत नाही. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवली की तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो.

साठवण रांजणात: तळाला ओली वाळू, वर जाळी, जाळीवर कोरडी अंडी टोक खाली करून, तोंडाला ओलं फडकं. आत 22-23 अंश राहिलं. खोलीत 30 च्या वर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि पेटीत जाण्याआधीच संपतो. फ्रिजही नको. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं घेतलं नाही.

10 मे, संध्याकाळ. दिवस 0

पेटीत 48 अंडी, प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक आणि वजन, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. एकूण 1,930 ग्रॅम, सरासरी 40.2.

उरलेली चांगली 12 अंडी एका खुडूक गावठी कोंबडीखाली. कोंबडी दोन दिवस नकली अंड्यांवर बसवून पारखली होती. गिनीला आठवडा जास्त लागतो, त्यामुळे अर्धवट खुडूक कोंबडी 21-22 व्या दिवशी कंटाळून उठते.

लक्ष्य: चोविसाव्या दिवसापर्यंत साडेबारा टक्के वजन उतरायचं, रोज साधारण अर्धा टक्का. आर्द्रता 50 ते 52%. पाण्याचा ट्रे बल्बखाली. ट्रेची खोली महत्त्वाची नाही, रुंदी महत्त्वाची: हवेला लागणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितकी वाफ.

फिरवणं दिवसातून पाच वेळा. संख्या विषमच ठेवायची, म्हणजे रात्रीचा लांबचा पल्ला एक दिवस फुलीवर जातो, दुसऱ्या दिवशी गोलावर.

16 मे. दिवस 6

1,868 ग्रॅम. उतरलं 62, हवं होतं 60. काही करायचं नाही.

20 मे. दिवस 10, उजेडात पाहणी

कोंबडीची अंडी सातव्या दिवशी उजेडात धरतात. गिनीच्या जाड, तपकिरी कवचातून तेव्हा फारसं कळत नाही आणि चांगली अंडी फेकली जातात. दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च, त्यावर मधोमध नाण्याएवढं भोक पाडलेला काळा रबर. सहा अंडी मोकळी (फलनच नाही), तिघांत रक्ताची कडी (सुरुवातीला मेलेली). हंगामाच्या तोंडाशी मोकळी अंडी जास्त निघतात, मेमध्ये प्रमाण सुधारतं. हे काढून 39 राहिली.

या 39 चं सुरुवातीचं वजन 1,568, आज 1,485. प्रत्येक अंड्याचं वजन वेगळं लिहिलं नसतं, तर अंडी काढल्यावर हिशोब तुटला असता.

24 मे. दिवस 14

1,453 ग्रॅम, 7.3%. अगदी रेषेवर. दुपारपासून जोरदार पाऊस, संध्याकाळी लाईट गेली.

25 मे. दिवस 15

यंदा मान्सून फारच लवकर: आज तळकोकणात पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. बारामतीत त्याआधीच धो धो. लाईट रात्रभर नव्हती. इन्व्हर्टरने पहाटेपर्यंत ओढलं, मग पाच तास काहीच नाही. पेटीवर घोंगडी टाकली, भोकं अर्धी बंद केली, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवल्या. अंड्यांजवळचं सर्वांत कमी तापमान 30.

अशा वेळी घाबरून पेटी उघडत राहणं हेच नुकसान करतं. दोन आठवड्यांचा गर्भ स्वतःही उष्णता देतो, काही तासांच्या गारव्याने मरत नाही, फक्त उशीर होतो. लाईट आल्यावर दुप्पट वेगाने तापवायचा प्रयत्न मात्र करू नये.

27 मे. दिवस 17, खरी अडचण

काल मान्सून पुण्या-मुंबईत आला. वजन 1,440. तीन दिवसांत उतरायला हवे होते 24-25 ग्रॅम, उतरले 13. मापक 74% वर.

कारणं दोन. लाईट गेल्यावर बंद केलेली भोकं उघडायची राहिली आणि पाण्याचा ट्रे आतच होता. अंड्यांतून निघणारी वाफ, ट्रेची वाफ, बाहेर जायला वाट नाही.

इथे बहुतेक जण उलटं करतात: बाहेर पाऊस म्हणून भोकं बंद ठेवतात. हिशोब असा: बाहेरची हवा 26 अंश आणि 85% ओली असली, तरी तीच हवा 37.5 ला तापली की तिची आर्द्रता सुमारे 44% वर येते. म्हणजे पावसाळ्यातली बाहेरची हवा पेटीच्या आतल्या हवेपेक्षा कोरडीच असते. ट्रे काढला, सहाही भोकं उघडली. दोन तासांत मापक 47 वर. तांदळाची पुरचुंडी किंवा सिलिकाच्या पुड्या ठेवायची गरज पडली नाही, हवा फिरली की काम होतं.

31 मे. दिवस 21

1,403. रोज नऊ ग्रॅमच्या आसपास उतरतंय, पिछाडी भरून निघते आहे. खुडूक कोंबडी ठाम बसून आहे. दिवसातून एकदा वीस मिनिटं उठते, दाणा-पाणी, परत.

3 जून. दिवस 24, फिरवणं बंद

1,376 ग्रॅम, उतरलं 12.2%. एकूण आकडा छान. पण एकेक अंडं पाहिलं तर 9 पासून 15 टक्क्यांपर्यंत फरक. साडेदहाच्या खाली राहिलेल्या पाच अंड्यांवर लाल खूण केली.

उजेडात चार अंडी मेलेली दिसली: हवेच्या पोकळीची कड पुसट, आत हालचाल नाही. 35 अंडी आडवी करून खडबडीत रबरी मॅटवर ठेवली. वर्तमानपत्र नको. गिनीच्या पिल्लाचे पाय त्यावर घसरतात आणि दोन्ही बाजूंना फाकतात, असं पिल्लू सहसा सुधारत नाही.

आता पाणी परत आत: रुंद ट्रे आणि ओला स्पंज, आर्द्रता 68-70. भोकं उघडीच. या टप्प्यावर पिल्लू फुप्फुसांनी श्वास घ्यायला लागतं, हवा लागतेच.

5 जून. दिवस 26

पहाटे आतून टकटक आणि बारीक चिवचिव. संध्याकाळपर्यंत 11 अंड्यांना टोचा (पिल्लाने आतून चोचीने पाडलेलं पहिलं भोक). पहिलं पिल्लू रात्री. लाईट गेल्यामुळे अर्धा दिवस उशीर अपेक्षित होताच.

6 आणि 7 जून

एकूण 29 पिल्लं. टोचा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत 8 ते 20 तास गेले. या काळात झाकण उघडायचं नाही. उघडलं की आतली वाफ एका क्षणात जाते आणि टोचा पडलेल्या अंड्यातलं पातळ आवरण पिल्लाला चिकटतं. एक पिल्लू नेमकं असंच गेलं: पाणी भरण्यासाठी झाकण काढलं होतं. आता ट्रेला बाहेरून सलाईनची नळी लावली आहे.

उरलेली सहा अंडी फोडून पाहिली. एक वर सांगितलेलं, आवरण चिकटून गेलेलं. एकाचं डोकं निमुळत्या टोकाकडे. चार पिल्लं पूर्ण वाढलेली पण ओली, मान सुजलेली, हवेची पोकळी लहान, त्यामुळे श्वास घ्यायला जागाच नव्हती. ही चारही लाल खुणेची. लाल खुणेतलं एकच फुटलं. पुढच्या खेपेला चौदाव्या दिवशीच मागे राहिलेली अंडी वेगळ्या, कोरड्या पेटीत हलवायची. दुसऱ्या खोक्याचा खर्च त्यासाठी करण्यासारखा आहे.

हिशोब: 48 पैकी फलित 42, पिल्लं 29, म्हणजे फलित अंड्यांच्या 69%. कोंबडीखाली 12 पैकी फलित 9, पिल्लं 8. दोन्हीकडचा फरक मान्य करावा लागतो. पंधराच्या आत अंडी असतील तर पेटीच्या भानगडीत न पडता चांगली खुडूक कोंबडी शोधावी.

7 जून. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं कुंपण)

पिल्लं सुकून फुलेपर्यंत पेटीतच. अंगात बलक असतो, 24 तास दाणा नसला तरी चालतं.

पत्र्याचं गोल कुंपण, व्यास 4 फूट, उंची दीड फूट. गोलच हवं: गिनी दचकली की कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन इंच भाताचं तूस, पहिले तीन दिवस त्यावर गोणपाट, म्हणजे तूस चोचीत जात नाही. बल्बखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीला 35 अंश, दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं. बल्बखाली दाटी म्हणजे थंडी, कडेला पसरून चोची उघड्या म्हणजे उकाडा.

पाणी कोमट, पहिल्या दिवशी लिटरला दोन चमचे गूळ. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवली.

8 जून

दोन पिल्लं पाण्याच्या भांड्यात मेली. भांड्याची कड जेमतेम इंचाची, तरी. गिनीचं पिल्लू भिजलं की गारठून लगेच लोळतं, बुडावंच लागत नाही. भांड्यात गोट्या भरल्या, चोच जाईल एवढीच फट. हे पहिल्या तासातच करायचं काम आहे.

आणखी एक बेंबी न मिटलेलं होतं, तेही गेलं. 26 राहिली.

9 जून. खाद्य

गिनीच्या पिल्लांना पहिला महिना 24 ते 26% प्रथिनं लागतात, म्हणजे लेयरच्या (अंड्यांसाठीच्या कोंबडीच्या) पिल्लांपेक्षा बरीच जास्त. बाजारात गिनीचं वेगळं खाद्य मिळत नाही. ब्रॉयलर प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, 22-23%) मिक्सरमधून बारीक करून, त्यात रोज दोन उकडलेली अंडी कुस्करून.

गोणीवरचं लेबल वाचल्याशिवाय गोणी घेऊ नका. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी औषध मिसळलेलं असतं. त्यात मोनेन्सिन असेल तर ती गोणी गिनीसाठी नाही. या औषधावर कंपन्याच लिहितात की घोडे आणि गिनी फाऊल यांना हे खाद्य मिळू देऊ नये. दुकानदार "सगळ्या कोंबड्यांना चालतं" म्हणतो. तो कोंबड्यांबद्दल बरोबर असतो. औषधाचं नाव छापलेलं नसेल तर औषधविरहित खाद्य मागवावं. इथे तालुक्याच्या गावात तिसऱ्या दुकानात मिळालं, किलोमागे चार रुपये महाग.

13 जून

लासोटा (मानमोडी रोगाची लस), डोळ्यात एक थेंब. गिनी मानमोडीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, पण ही पुढे गावठी कोंबड्यांबरोबर फिरणार आहेत. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. 100 डोसच्या कुपीतली उरलेली ठेवून उपयोग नाही.

17 जून

दहा-अकरा दिवसांची पिल्लं दीड फूट उडी मारतात. वरून मासेमारीचं जुनं जाळं. रात्री पूर्ण अंधार नको, लाईट गेली आणि मांजर पत्र्यावर चढलं की ढीग होतो. असंच एक चेंगरून गेलं. आता बॅटरीवरचा शून्य वॅटचा दिवा जळत राहतो.

28 जून. रक्ती हगवण

तिसरा आठवडा, सततचा पाऊस, तूस ओलं. विष्ठेत रक्त, चार पिल्लं पिसं फुगवून बसलेली. एक मेलं. पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत अँप्रोलियम पाण्यातून पाच दिवस, या काळात दुसरं पाणी नाही. औषधाइतकंच महत्त्वाचं तूस: भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढायचं, बाकीचं उलथायचं, मुठीत दाबल्यावर गोळा झाला की बदलायचं. पाण्याची भांडी जाळीच्या चौकटीवर चढवली, सांडलेलं पाणी खाली जातं. चौथ्या दिवसापासून विष्ठा साफ.

कोंबडीखालच्या आठातली दोन याच सुमारास गेली, पण ओल्या गवतात तिच्यामागे पळून. गावठी कोंबडीला गिनीच्या पिल्लांचं ओलेपण कळत नाही. पहिले तीन आठवडे तिला पिल्लांसकट खुराड्यातच ठेवायला हवं.

12 जुलै

बल्ब दिवसा बंद, रात्रीही फक्त पावसात. खाद्यात बाजरी आणि मक्याचा भरडा मिसळायला सुरुवात, आठवड्याला एक चतुर्थांश वाढवत. पिल्लं आता आडव्या बांबूवर बसतात, पाच फूट उंचीवर.

2 ऑगस्ट. मोकळं सोडणं

आठ आठवडे. पेटीतली 24, कोंबडीची 6.

सगळी एकदम सोडायची नाहीत. संध्याकाळी चारला, पोट रिकामं असताना, सहाच पक्षी बाहेर, बाकीचे जाळीत ओरडत राहतात आणि बाहेरचे त्यांच्या आवाजाच्या टप्प्यातच राहतात. सूर्यास्ताच्या आधी डबा वाजवून बाजरी आत टाकायची. हा डबा पिल्लं चार आठवड्यांची असल्यापासून रोज वाजवला आहे. दोन दिवसांनी दुसरे सहा. घाईने सोडलेला थवा पहिल्याच रात्री झाडावर बसतो, तिथून रानमांजर आणि घुबड उचलतात.

9 ऑगस्ट

नर-माद्या आवाजावरून वेगळे व्हायला लागले. मादी दोन तुकड्यांत ओरडते, दुसरा तुकडा वर चढतो. नराला हा आवाज काढताच येत नाही, तो एकाच तुकड्यात खडखडतो. घाबरल्यावर मादीही नरासारखी ओरडते, म्हणून शांत वेळीच ऐकावं. गळ्याखालच्या लोंब्या नराच्या मोठ्या आणि वाटीसारख्या वळलेल्या, पण त्यावर आत्ताच भरवसा ठेवू नये. तीस पक्ष्यांत खात्रीच्या माद्या 16, खात्रीचे नर 11, तीन अजून ठरत नाहीत. माद्यांच्या पायात निळी प्लास्टिकची कडी घातली. चाराला एक या हिशोबाने चार नर पुरे, दोन जादाचे राखून ठेवायचे, बाकीचे वजन किलोच्या घरात गेलं की विकायचे.

आजवरचं खाद्य सुमारे 48 किलो, 2,150 रुपये. औषध-लस 240, तूस 300. पेटी धरून एकूण 5,040.